ॲल्युमिनियमाच्या कळफलक-कवचांवरील लेप

ॲल्युमिनियमाच्या कळफलक-कवचांवरील लेप : टंकलेखन यंत्र, संगणकाचा कळफलक व हाताने सतत हाताळली जाणारी तत्सम साधने यांच्या ॲल्युमिनियमाच्या कवचाचे गंजण्यापासून व झिजेपासून संरक्षण व्हावे आणि ते दिसण्यास चांगले असावे, म्हणून त्याच्या पृष्ठावर निर्माण केलेले किंवा चढविलेले थर. हे थर मूलतः दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत धातूच्या पृष्ठाचेच रासायनिक रूपांतर करण्यात येते. दुसऱ्या जातीत रोगण, रेझिनाची पूड किंवा दुसरी धातू असा बाहेरचा पदार्थ पृष्ठावर बसविण्यात येतो. भारतीय कारागिरीत पितळेवरील कल्हई आणि तांब्यावरील सोन्याचा मुलामा ही दुसऱ्या जातीची परिचित उदाहरणे होत. पहिल्या जातीची उदाहरणे मात्र विरळ आहेत. बीदर व औरंगाबाद येथील बिदरी काम हे त्यांपैकी सर्वांत बोलके आहे. त्यात जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूचे पृष्ठ किल्ल्यातील जुन्या मातीत नवसागर मिसळून काळे केले जाते आणि रुप्याची जडावणी पांढरीच राहते. तेथे काळा रंग वरून लावलेला नसतो, तो धातूचाच झालेला असतो. कळफलकाच्या कवचासाठी लेप निवडताना हाच भेद प्रथम लक्षात घ्यावा लागतो.

पूर्वपीठिका : ॲल्युमिनियम ही उद्योगात उशिरा आलेली धातू आहे. हान्स क्रिश्चन ओर्स्टेड यांनी १८२५ मध्ये ती अशुद्ध रूपात मिळविली. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल व फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी स्वतंत्रपणे विद्युत् विच्छेदनाची पद्धत शोधून काढल्यावर ती स्वस्त झाली. भारतात १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी या धातूची भांडी बनविण्यास प्रारंभ केला. पुढे तांबे-पितळेला स्वस्त पर्याय म्हणून ती घरोघर पोहोचली. कल्हई न लागणारे भांडे हा तिचा मोठा गुण मानला गेला, पण चिंच, मीठ व सोडा यांनी ते काळवंडते हेही गृहिणींच्या लवकरच लक्षात आले.

हा काळवंडण्याचा दोष समजण्यासाठी धातूचा स्वभाव पाहिला पाहिजे. ॲल्युमिनियम अत्यंत विक्रियाशील आहे. हवेत उघडे पडताच तिच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडाचा पारदर्शक पापुद्रा येतो आणि पुढील विक्रिया थांबते. म्हणजे ही धातू स्वतःच स्वतःचा लेप तयार करते. मात्र हा पापुद्रा अम्ल व क्षार या दोहोंत विरघळतो आणि क्लोराइडामुळे त्यास जागोजाग छिद्रे पडतात. मानवी घामात मीठ व लॅक्टिक अम्ल असते. मनगट जेथे टेकते त्या कडेला, बोटांचा स्पर्श होणाऱ्या पट्टीवर व मळ साचणाऱ्या खाचांत उघडे ॲल्युमिनियम प्रथम मंद पडते आणि नंतर त्यावर पांढुरके ठिपके उठतात. भांड्याप्रमाणे कळफलक रोज घासून लख्ख करता येत नाही.

टंकलेखन यंत्राचा वारसा : क्रिस्टोफर शोल्स व त्यांचे सहकारी यांचे यंत्र १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीने विक्रीस आणले. ते शिवणयंत्रांच्या विभागात तयार होत असल्याने त्याची सजावटही शिवणयंत्रासारखीच, काळ्या चकचकीत रोगणावर रंगीत फुलांची, होती. डांबरी द्रव्ये व जवसाचे तेल यांपासून केलेले हे काळे रोगण भट्टीत भाजून पक्के करीत. लोखंडी सांगाड्याला गंजापासून वाचविणे हे त्याचे काम होते आणि ते त्याने चोख केले. शंभर वर्षांपूर्वीच्या अनेक यंत्रांवर ते आजही शाबूत दिसते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्लिकेन्सडर्फर यंत्राची एक हलकी आवृत्ती ॲल्युमिनियमाची निघाली होती; परंतु त्या काळी ॲल्युमिनियमावर टिकाऊ लेप देण्याची पद्धतच उपलब्ध नव्हती. १९३० नंतर सुरकुतलेल्या पोताचे रोगण प्रचारात आले. त्याने दिव्याची तिरीप डोळ्यांवर येत नसे आणि ओतकामातील खडबडीतपणाही झाकला जाई. दोष झाकणे हे रोगणाचे जुने काम आहे. धनाग्रीकरणास ते साधत नाही, याचा उल्लेख पुढे येईल.

भारतात गोदरेज अँड बॉइस या कंपनीने १९५५ मध्ये टंकलेखन यंत्र तयार केले. नागपूर हे त्या वेळी जुन्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी होते. सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ व टंकलेखनाच्या शिकवणी संस्था यांमुळे या यंत्रांना तेथे मोठी मागणी होती. १९५६ मध्ये राजधानी गेली तरी कचेऱ्या व न्यायालय यांमुळे टंकलेखकांचा व्यवसाय तेथे टिकून राहिला. गोदरेज कंपनीने सु. २००९ मध्ये यंत्रांचे उत्पादन थांबविले. तत्पूर्वीच संगणकाच्या कळफलकाने त्याची जागा घेतली होती. हे कळफलक बहुधा प्लॅस्टिकच्या कवचाचे असत. पांढरट प्लॅस्टिक उजेडाने पिवळे पडते, या दोषाखेरीज त्यांच्या पृष्ठाचा वेगळा विचार करण्याचे कारण नव्हते. २००७ मध्ये ॲपल कंपनीने पातळ ॲल्युमिनियमाचा कळफलक बाजारात आणला. त्यानंतरच्या दशकात कोरिया, चीन, अमेरिका इ. देशांतील हौशी मंडळींनी घन ॲल्युमिनियमाच्या ठोकळ्यातून संगणक-नियंत्रित यंत्रावर कोरून काढलेली कवचे थोड्या थोड्या संख्येने करवून घेण्यास सुरुवात केली. अशा मागणीबरहुकूम केलेल्या कवचाला कोणता लेप द्यावा, हा प्रश्न तेव्हापासून नव्याने चर्चेत आला.

धनाग्रीकरण : कारखान्यांत ॲनोडायझिंग या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत विमानांच्या गरजेतून निर्माण झाली. ड्युराल्युमीन ही तांबेयुक्त मिश्रधातू बळकट असली, तरी समुद्राच्या पाण्याने लवकर गंजे. १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये बेंगफ व स्ट्यूअर्ट यांनी ती क्रोमिक अम्लाच्या विद्रावात धनाग्र म्हणून टांगून विद्युत् प्रवाह सोडला आणि तिच्यावर नैसर्गिक पापुद्र्याहून शेकडो पट जाड ऑक्साइडाचा थर मिळविला. सागरी विमानांसाठी तो उपयुक्त ठरला. जपानमध्ये याच सुमारास ऑक्झॅलिक अम्लाची पद्धत निघाली आणि ‘अल्युमाइट’ या नावाने तेथील जेवणाच्या डब्यांपर्यंत पोहोचली. १९२७ मध्ये इंग्लंडमध्ये सल्फ्यूरिक अम्लाच्या पद्धतीचे एकस्व घेण्यात आले. ही पद्धत स्वस्त असून तिचा थर रंगहीन असतो व त्यास रंग चांगला लागतो. त्यामुळे आज शोभेच्या वस्तूंसाठी तीच सर्वत्र वापरतात.

या थराची रचना १९५३ मध्ये केलर, हंटर व रॉबिन्सन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने स्पष्ट केली. थर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा षट्कोनी कोशिकांचा असून प्रत्येक कोशिकेच्या मध्यभागी एक उभे सूक्ष्मरंध्र असते. एका चौ. सेंमी. क्षेत्रात अशी अब्जावधी रंध्रे असतात. रंगद्रव्याचे रेणू या रंध्रांत शिरतात. नंतर वस्तू उकळत्या शुद्ध पाण्यात ठेवली, की ऑक्साइडाचे जलसंयोगित रूप तयार होऊन ते फुगते, रंध्रांची तोंडे मिटतात आणि रंग आत कोंडला जातो. या शेवटच्या क्रियेस मुद्रण किंवा कारखान्यांच्या भाषेत सीलिंग म्हणतात. ती अर्धवट झाली, तर वस्तू दुकानात उत्तम दिसते आणि सहा महिन्यांनी बोटांच्या डागांनी भरते. गिऱ्हाइकाला न दिसणारा व म्हणून सर्वाधिक टाळला जाणारा टप्पा तो हाच.

प्रत्यक्ष कृतीत कवच प्रथम सौम्य क्षाराने धुतात, दाहक सोड्यात किंचित खाऊ देतात, नायट्रिक अम्लात काजळी काढतात आणि मग १५ ते २० टक्के सल्फ्यूरिक अम्लात, सु. २०° से. तापमानास, १२ ते २० व्होल्ट दाबाखाली ठेवतात. दर चौ. डेसिमीटरास दीड अँपिअर प्रवाह असता वीस-पंचवीस मिनिटांत सु. १० मायक्रॉन जाडीचा थर मिळतो. भारतीय मानक १८६८ मध्ये ५ पासून २५ मायक्रॉनपर्यंतच्या प्रती सांगितल्या आहेत. घरात वापरावयाच्या कळफलकास १० ते १५ मायक्रॉन पुरेसे होतात. २५ मायक्रॉनचा थर हा उन्हापावसातील खिडक्यांसाठी असतो. थराचा सु. दोन-तृतीयांश भाग मूळ पृष्ठाच्या आत व एक-तृतीयांश बाहेर वाढतो. त्यामुळे कवचाच्या मापांत फरक नगण्य पडतो, आटे अडकत नाहीत आणि वरचा व खालचा भाग एकमेकांत पूर्वीसारखेच बसतात. कोरीव कामाच्या तीक्ष्ण कडाही जशाच्या तशा राहतात.

दोषही तितकेच मूलभूत आहेत. थर पारदर्शक असल्याने त्याखालचे सर्व काही दिसते. कर्तकाच्या खुणा, ओरखडे व धातूतील विषमता मिटत नाहीत; कित्येकदा त्या अधिक उठून दिसतात. म्हणून आधी बारीक काचमण्यांचा मारा करून पृष्ठ एकसारखे मंद करतात. मिश्रधातूची निवड तर निर्णायक ठरते. मॅग्नेशियम व सिलिकॉन अल्प प्रमाणात असलेल्या ६०६१ व ६०६३ या मिश्रधातू उत्तम रंग घेतात. ओतकामाच्या सिलिकॉनबहुल मिश्रधातू करड्या व डागाळ होतात, तर तांबेयुक्त मिश्रधातूंवर थर मऊ बसतो. कवचाचे दोन भाग वेगवेगळ्या घाण्यांच्या धातूचे असल्यास एकाच हौदातून काढूनही त्यांच्या छटा जुळत नाहीत. ही तक्रार जगभर ऐकू येते आणि तीत लेप देणाऱ्याचा दोष बहुधा नसतो. कार्बनी रंगांपैकी काही उन्हाने फिके पडतात. १९६० नंतरच्या दशकात जपानमध्ये आसाडा यांनी पुढे आणलेल्या पद्धतीत प्रत्यावर्ती प्रवाहाने धातूचे कण रंध्रांच्या तळाशी बसवितात. तो ताम्रवर्णी ते काळ्यापर्यंतचा रंग मात्र पक्का असतो. शुभ्र रंग धनाग्रीकरणाने मिळत नाही, कारण पांढऱ्या रंगद्रव्याचे कण रंध्रांहून मोठे असतात.

१९५० च्या सुमारास प्रचारात आलेल्या कठीण धनाग्रीकरणात विद्राव ०° ते ५° से. इतका थंड ठेवून अधिक प्रवाहाने २५ ते ७५ मायक्रॉन जाडीचा, गडद करडा थर मिळवितात. तो पोलादी हत्यारालाही सहज दाद देत नाही. स्वयंपाकाची काळसर भांडी याच पद्धतीची होत. कळफलकासाठी ही कठिणता अनाठायी आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण बोटांनी ऑक्साइड झिजत नाही. कवच खराब होते ते कडेवर बसलेल्या ठोक्याने. असा ठोका बसला, की खालची मऊ धातू दबते आणि थर कितीही कठीण असला तरी तडकतो. पोकळीत टायटॅनियम नायट्राइडासारख्या संयुगाची वाफ बसवून केलेला दोन-तीन मायक्रॉनचा सोनेरी थर मऊ ॲल्युमिनियमावर याच कारणाने फसवा ठरतो. पोलाद किंवा पितळ यांच्या तळवजनावर तो शोभतो.

पूड-लेपन व इतर लेप : रेझिन व रंगद्रव्य यांची कोरडी पूड वस्तूवर बसवून ती भट्टीत वितळविण्याची कल्पना जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत प्रत्यक्षात आणली. प्रथम तापविलेली वस्तू तरंगत्या पुडीत बुडवीत. १९६० नंतर विद्युत् भारित पुडीचा फवारा रूढ झाला. पुडीत विद्रावक नसल्याने वाफा निघत नाहीत व वाया गेलेली पूड परत वापरता येते. १८०° ते २००° से. तापमानास दहा-पंधरा मिनिटांत ती घट्ट होते. थर ६० ते १०० मायक्रॉन जाडीचा असून वाटेल त्या रंगाचा व पोताचा मिळतो. तो खालचे दोष झाकतो, हाताला उबदार लागतो आणि घामाला दाद देत नाही. मात्र ही जाडी कोरीव कवचास जाचते. दोन भागांच्या सांध्यावर दोन्हीकडून थर आल्यास फट बदलते, आटे बुजतात, बारीक अक्षरे भरून येतात. जेथे पूड नको तेथे ती झाकावी लागते. विद्युत् भारामुळे पूड आतील कोपऱ्यांत नीट शिरत नाही आणि कडांवर वितळताना पातळ होते. म्हणून पूड-लेपित कवचाचा पहिला टवका नेहमी कोपऱ्यावरच उडतो.

विद्युत् संचारणाने रंग बसविण्याची पद्धत मोटारींच्या सांगाड्यांसाठी १९६० च्या सुमारास अमेरिकेत फोर्ड कंपनीत विकसित झाली. पाण्यात तरंगणारे रेझिनाचे कण प्रवाहाने ओढले जाऊन खाचाखोचांसह सर्वत्र सारख्या, सु. २० मायक्रॉन जाडीने बसतात. कळफलकांची शुभ्र कवचे हल्ली बहुधा याच पद्धतीने करतात. पुडीच्या तुलनेत माप राखले जाते, पण धूळ किंवा तेलाचा एखादा कण राहिला तरी तो पांढऱ्यावर ठसठशीत दिसतो आणि त्यामुळे नाकारल्या जाणाऱ्या नगांचे प्रमाण वाढते. सूक्ष्म सिरॅमिक कण मिसळलेली बहुवारिकाची रोगणे प्रथम बंदुकांसाठी निघाली. त्यांचा पातळ, मंद व टणक थर लहान संख्येच्या कामास सोयीचा आहे. ॲल्युमिनियमावर निकेल चढवावयाचे, तर आधी जस्ताचा पातळ थर द्यावा लागतो. या थरास एक छिद्र पडले, तरी खालील ॲल्युमिनियम विद्युत् रासायनिक क्रियेने झपाट्याने खाल्ले जाते. पितळी तळवजन उघड्या ॲल्युमिनियमास भिडलेले असल्यास घामाच्या ओलीने हेच घडते.

कोणत्याही रंगलेपापूर्वी ॲल्युमिनियमावर आसंजनासाठी एक रूपांतरित थर द्यावा लागतो. दीर्घकाळ तो षट्संयुजी क्रोमियमाच्या विद्रावाने देत. गुणाने त्यास तोड नव्हती; किंमत कामगार देत होते. क्रोमिक अम्लाच्या हौदांवर काम करणाऱ्यांच्या नाकाच्या पडद्यास भोके पडत आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण त्यांच्यात अधिक आढळे. हे वैद्यकास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ठाऊक असूनही बदल झाला तो प्रामुख्याने २००६ मध्ये यूरोपीय संघाने विद्युतीय उपकरणांत या द्रव्यावर निर्बंध घातल्यानंतर. त्रिसंयुजी क्रोमियम, झिर्कोनियम व टायटॅनियम यांची संयुगे आता त्याऐवजी वापरतात. जुन्या हौदांचे सांडपाणी अम्लीय करून त्यातील क्रोमियमाचे बायसल्फाइटाने त्रिसंयुजी रूपात क्षपण करतात आणि मग चुन्याने ते अवक्षेपित करतात. सरळ नाल्यात सोडल्यास ते भूजलात उतरते. एका कवचाच्या रंगाची किंमत काढताना हा खर्च कोणी धरला आहे, हे विचारण्याजोगे आहे.

नागपूर व विदर्भ : लेपांचा हा विषय ज्या थोड्या भारतीय शहरांत दोन्ही अंगांनी, म्हणजे धातू व रंग या दोन्ही बाजूंनी, अभ्यासिला गेला त्यांत नागपूर येते. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी नागपूर विद्यापीठास ठेवलेल्या देणगीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रविज्ञान संस्था सुरू झाली. तेल, रंग व पृष्ठलेप यांचे तंत्र शिकविणारी ती देशातील जुन्या संस्थांपैकी एक असून २०२३ मध्ये तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९६० नंतरच्या दशकात अंबाझरी येथे उभा राहिलेला आयुध निर्माण कारखाना ॲल्युमिनियम मिश्रधातूंच्या कामासाठी ओळखला जातो. २०२१ पासून तो यंत्र इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. १९८९ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालय व संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या सहकार्याने अमरावती मार्गावरील वाडी येथे जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन विकास व अभिकल्प केंद्र स्थापन झाले. बॉक्साइटापासून तयार वस्तूपर्यंत या धातूचा अभ्यास हे त्याचे कार्यक्षेत्र आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या व १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत सांडपाण्याचे प्रश्न हाताळले जातात. एवढे असूनही हिंगणा व बुटीबोरी या औद्योगिक वसाहतींत किंवा अन्यत्र, पाच-दहा नगांचे काम घेणाऱ्या लहान कारखान्याला या संस्थांचे ज्ञान कितपत पोहोचते, हा वेगळाच प्रश्न आहे. त्याचा हौद व भट्टी खिडक्यांच्या चौकटींसाठी असतात. कळफलकाचे कवच त्यात पाहुणे असते.

हवामानाचा परिणाम येथे ठळक दिसतो. मे महिन्यात दिवसाचे तापमान ४५° से. च्या आसपास जाते. शीतकरणाची सोय नसलेल्या हौदात अम्लाचे तापमान २०° से. वर राखणे तेव्हा अशक्य होते. त्यात प्रवाहामुळे निर्माण होणाऱ्या उष्णतेची भर पडते. गरम अम्ल तयार होणारा थर विरघळवीत राहते आणि परिणामी भुसभुशीत, हाताला खडूसारखा लागणारा थर मिळतो. कठीण धनाग्रीकरणास तर मोठे शीतकरण यंत्र अपरिहार्य असते. पुडीलाही हा उन्हाळा मानवत नाही. सु. ३०° से. च्या वर साठविल्यास तिच्या गुठळ्या होतात आणि जुलैच्या दमट हवेत ती फवाऱ्यातून सुटी पडत नाही. विहिरीचे कठीण पाणी मुद्रणासाठी वापरल्यास पृष्ठावर पांढरी राख बसते व सिलिकेटांमुळे रंध्रे मिटत नाहीत. त्यासाठी निर्खनिज केलेले पाणीच लागते. उलट वापराच्या दृष्टीने विदर्भाची कोरडी हवा अनुकूल आहे. मुंबई किंवा रत्नागिरी येथे खाऱ्या हवेत रंगाच्या टवक्याखालून दोऱ्यासारख्या रेषांत पसरणारा गंज नागपुरात क्वचितच आढळतो. त्यामुळे येथे पूड-लेपित कवचाचा टवका केवळ कुरूप दिसतो. किनाऱ्यावर तो गंजाचा आरंभ ठरतो.

निवड व दुरुस्ती : तीक्ष्ण कोरीव काम, अचूक सांधे व धातूचा भास हवा असल्यास १० ते १५ मायक्रॉनचे, पूर्ण मुद्रित केलेले सल्फ्यूरिक धनाग्रीकरण श्रेयस्कर होय. पांढरा किंवा फिका रंग हवा असेल, तर विद्युत् संचारणाचा लेप द्यावा. ओतीव किंवा खुणा राहिलेले कवच असल्यास पूड-लेपन करावे. मात्र कोरण्यापूर्वीच सांध्यांत थराच्या जाडीइतकी जागा सोडली पाहिजे. धनाग्रीकृत थर व रंगलेप हे दोन्ही विद्युत् निरोधक असल्याने मंडलपट्टी कवचास जोडून भूसंपर्क द्यावयाचा असेल, तेथे एक जागा उघडी ठेवावी लागते; अन्यथा हिवाळ्यातील कोरड्या हवेत साचलेला स्थिर विद्युत् भार मंडलास बाधक ठरतो. स्वच्छतेसाठी ओले फडके पुरते. धुण्याचा सोडा किंवा चुना लागल्यास धनाग्रीकृत थर कायमचा डागाळतो.

दुरुस्तीच्या बाबतीत दोन जातींमधील भेद पुन्हा पुढे येतो. रंगलेप रसायनाने किंवा भाजून काढता येतो व खालची धातू जशीच्या तशी मिळते. धनाग्रीकृत थर दाहक सोड्यात विरघळवून काढल्यास त्याबरोबर धातूचा अंशही जातो, कडा बोथट होतात व आटे सैल पडतात. अशी पुनरावृत्ती दोन-तीनदाच शक्य असते. त्यामुळे रंगाचा नमुना पटला नाही म्हणून पुन्हा हौदात टाकलेले कवच मूळच्या मापाचे राहत नाही. धातू वितळवून पुन्हा वापरताना मात्र स्थिती उलट होते. धनाग्रीकृत थर हा ऑक्साइडच असल्याने तो मळीबरोबर निघून जातो. पूड-लेप आधी जाळून काढावा लागतो व त्याच्या धुराची व्यवस्था करावी लागते.